बाबांची लघवी अडली तो रविवार

माझे सासरे सिंगापूरला आले की सुरुवातीचे काही दिवस मजेत जातात, मग त्यांना करमेनासं होतं. आमचा फ्लॅट बिशानला. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, मी तांजोंग पगारला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. बाबा एकटेच बागेत फिरून येतात, पेपर वाचतात आणि संध्याकाळी आमची वाट बघत बसतात. या वेळी त्यांच्या डोक्यात सायकल शिरली होती. तरुणपणी ते पुण्यात कारखान्यात सायकलनेच जायचे. आता तिथल्या रस्त्यांवर सायकल काढायची त्यांची हिंमत होत नाही. पुलाउ उबीन बेटावर गाड्या जवळजवळ नाहीत, सायकली भाड्याने मिळतात, हे त्यांना नातीकडून कळलं होतं.

"या रविवारी जाऊ या ना," ते म्हणाले.

नवरा कामासाठी जाकार्ताला गेला होता आणि मुलगी शाळेच्या कॅम्पला. मी म्हटलं, "सगळे असताना जाऊ, बाबा."

"सगळे असतात कधी?"

ते खरंच होतं. मग आम्ही दोघंच निघालो.

बाबांना थोडी सर्दी होती. आमच्या एसीमुळे झाली, असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून येताना आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटातली सर्दीची गोळी त्यांनी रात्री घेतली होती, सकाळी चहाबरोबर आणखी एक घेतली. घराघरात असते तसलीच साधी गोळी.

चांगीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ते बाथरूमला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दोन बोटी भरून सुटल्या. आले तेव्हा चेहरा ओढलेला वाटला. "बरं वाटतंय ना?" मी विचारलं. "चल, चल," म्हणाले. सासऱ्यांना याच्यापुढे काय विचारणार? बोटीत लाकडी बाकावर ते अगदी कडेला बसले. पाण्यावर ऊन चमकत होतं. त्यांनी मला मलेशियाचा किनारा कुठला ते विचारलं, मी दाखवला. एकूण दिवस छान जाणार असं वाटत होतं.

बेटावर पोचल्यावर आधी पुन्हा बाथरूम, मग सायकली. पहिल्यांदा जरा डगमगले, मग लय सापडली आणि माझ्या पुढे निघून गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मधूनच एखादं पत्र्याच्या छपराचं जुनं घर. एकदा रानडुकरीण पिलांना घेऊन रस्ता ओलांडून गेली तेव्हा बाबा थांबून लहान मुलासारखे हसले. ते हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतर त्या दिवशी ते हसले नाहीत.

वाटेत शहाळ्याचं दुकान लागलं. उकाडा प्रचंड. बाबांनी एक शहाळं घेतलं, ते संपवून दुसरं घेतलं.

"एवढी तहान लागली?"

"पाणी पोटात गेलं पाहिजे," ते तुटकपणे म्हणाले. मी माझ्या बाटलीतलंही पाणी त्यांना दिलं. तेही ते प्यायले. उन्हात माणसाने पाणी प्यावं, एवढंच मला माहीत होतं. तेवढंच त्यांनाही माहीत होतं. लघवी होत नाही म्हणजे शरीरात पाणी कमी पडलंय, भरपूर प्यायलं की आपोआप मोकळं होईल, असा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

खारफुटीच्या जंगलाकडे जाणाऱ्या चढावर ते सायकलवरून उतरले. सायकल आडवी टाकली आणि दगडावर बसले. दोन्ही हात ओटीपोटावर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला वाटलं, हार्ट अटॅक.

"बाबा, छातीत दुखतंय का? डावा हात दुखतोय?"

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी फोन काढला. तेव्हा ते जमिनीकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "अगं, काल रात्रीपासून लघवी झालेली नाही."

मला क्षणभर हायसं वाटलं. छातीत काही नाही ना, मग ठीक आहे. पण त्यांनी हात बाजूला घेतले आणि शर्टाखाली मला फुगवटा दिसला. बेंबीच्याही वर आलेला, गोल. बाबा तसे सडपातळ. सात-आठ महिन्यांच्या गरोदर बाईचं दिसावं तसं ते पोट दिसत होतं.

"होईल म्हणून वाट बघत होतो," ते म्हणाले. "आता कळ सहन होत नाही."

बेटावर मोजक्या व्हॅन असतात. सायकलवरून जाणाऱ्या एका जोडप्याला मी थांबवलं, त्यांनी दुकानात जाऊन व्हॅन पाठवून दिली. ती येईपर्यंत बाबा झाडाचा आधार घेऊन उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. कुठल्याच अवस्थेत त्यांना चैन पडत नव्हतं. व्हॅन खड्ड्यात आदळली की तोंडातून आवाज निघायचा. धक्क्यावर आलो तर बोट रिकामी. माणसं भरल्याशिवाय ती सुटत नाही. मी नावाड्याला म्हटलं, "अंकल, हॉस्पिटल. नाऊ." त्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

बोट पाण्यावर आपटत होती. बाबांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नमस्कार करताना डोक्यावर ठेवायचे त्याखेरीज त्यांच्या हाताचा स्पर्श मला कधी झाला नव्हता. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. "फुटेल का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, बाबा, असं फुटत नाही." मला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, कॅनॉट पी, इज इट?" बाबांना इंग्रजी चांगलं येतं. पण त्या दिवशी ते सगळं इंग्रजी विसरले. म्हणून तरुण डॉक्टरीणबाईंचे प्रश्न मला मराठीत सांगावे लागले, आणि बाबांची उत्तरं इंग्रजीत.

"बाबा, त्या विचारतायत, धार बारीक झालीये का? जोर करावा लागतो का?"

"हो."

"रात्री उठावं लागतं?"

"चार-पाच वेळा."

पुढचा प्रश्न ऐकून माझी जीभ रेटेना. डॉक्टर माझ्याकडे बघत थांबल्या. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "झोपेत कपडे ओले होतात का?"

कळ आली असावी, त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "सांग त्यांना. दोन वर्षं तरी झाली असतील."

आमच्याकडे आले की बाबा सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचे कपडे, कधी कधी चादरसुद्धा धुऊन वाळत घालायचे. माझे सासरे किती स्वावलंबी आहेत, असं मी ऑफिसात कौतुकाने सांगायचे.

डॉक्टरांनी आणि नर्सने पडदा ओढला. मी बाहेर उभी राहिले. आतून एक दाबलेली किंकाळी आली आणि नंतर एक लांब सुस्कारा. नर्स म्हणाली, "वाह, अंकल, सो मच!" पडदा सरकला तेव्हा नळीला जोडून पलंगाला अडकवलेली पिशवी भरत आली होती. तिने ती रिकामी केली. ती पुन्हा भरू लागली. पाणी जरासं लालसर दिसत होतं. इतकी ताणलेली पोटातली लघवीची पिशवी एकदम सैल झाली की आतल्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या झिरपतात, थांबेल ते, असं नर्सने सांगितलं.

मी नवऱ्याला मेसेज केला, "नळी घातली, सगळं ठीक." खाली जाऊन कॉफी घेतली. संकट टळलं असं मी धरून चालले होते.

वर आले तर बाबांच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावलेल्या आणि डॉक्टर मला शोधत होत्या.

"रक्ताचा रिपोर्ट आलाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या किडन्या नीट काम करत नाहीयेत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने टाकून द्यायचा कचरा, फार वाढलंय. पोटॅशियमही. आज त्यांनी काय खाल्लं, प्यायलं?"

"शहाळं," मी म्हटलं. "दोन."

त्यांनी मान डोलावली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाच्या किडन्या जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात, त्याला काही होत नाही. बाबांच्या शरीरात ते साचलं होतं आणि रक्तात ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. बिघडून थांबूही शकतात, हे त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा मात्र "हो" म्हणाल्या.

"पण आता तर लघवी होतेय ना?"

त्यांनी मला सोनोग्राफीच्या पडद्याजवळ नेलं. किडनीच्या मधोमध काळं तळं दिसत होतं. दुसऱ्या किडनीतही तसंच. त्या थकलेल्या आवाजात, पण घाई न करता सांगत होत्या. रक्त दिवसरात्र या दोन किडन्यांतून फिरत असतं. त्या ते गाळतात, आणि गाळलेलं पाणी दोन बारीक नळ्यांतून थोडं थोडं खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत ढकललं जातं. पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट ग्रंथी असते. ती वयाबरोबर वाढते आणि वाट आवळत आणते. बाबांची पिशवी गेली दोन वर्षं पूर्ण रिकामी होतच नव्हती. झोपेत जे ओलं व्हायचं ते भरलेल्या पिशवीतून सांडणारं वरचं पाणी होतं. त्यात सर्दीच्या गोळीने पिशवीचं तोंड आणखी आवळलं गेलं आणि उरलीसुरली वाट बंद झाली. "वाट बंद झाली तरी किडनी काम थांबवत नाही," त्या म्हणाल्या. "ती पाणी करतच राहते. पिशवीत जागा उरली नाही की ते वर तुंबतं. दाब उलटा किडनीवर येतो."

"पण त्यांना दोन वर्षं काही दुखलं नाही."

"हळूहळू ताणलं की दुखत नाही. म्हणून तर उशिरा कळतं."

"डायलिसिस करावं लागेल?"

"आज लागू नये अशी आशा आहे. पुढचं आत्ता नाही सांगता येणार."

डायलिसिस हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता. कोल्हापूरचा माझा मामा कितीतरी वर्षं डायलिसिसवर होता. त्याच्या हातात शीर जोडून केलेली जागा होती, त्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी सतत थरथरायचं. लहानपणी मी त्याच्याकडे ते बघायला मागायचे. मग एका दिवाळीनंतर तो गेला. पडद्यावरच्या त्या काळ्या तळ्यांकडे बघताना माझ्या बोटाच्या टोकाला ती थरथर जशीच्या तशी जाणवली. मी हात खिशात घातला.

तेवढ्यात दुसरी एक नर्स ट्रे घेऊन आली. तिने सिरिंज उचलताना मी विचारलं, "काय आहे?"

"इन्सुलिन."

"नाही!" मी मध्ये उभी राहिले. "त्यांना डायबेटिस नाही. तुम्ही चुकीच्या पेशंटला देताय. थांबा!" माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या पडद्यामागचं बोलणं बंद झालं. बाबा घाबरून उठायला लागले. नर्सने सिरिंज खाली ठेवली, बाबांच्या मनगटावरची पट्टी मला वाचून दाखवली आणि डॉक्टरांना बोलावलं. इन्सुलिन साखरेला पेशींच्या आत नेतं, तसं पोटॅशियमलाही रक्तातून पेशीत ढकलतं, हे त्यांनी मला समजावलं. बाबांची साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोजही देणार होते. किडनी जागेवर येईपर्यंत हृदय सांभाळायचं, तेवढ्यासाठी हे. मी बाजूला झाले. नर्सने इंजेक्शन दिलं आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली.

संध्याकाळपर्यंत पोटॅशियम थोडं उतरलं. बाबांना वॉर्डात हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा विमानतळावरून थेट तिथे आला. आल्या आल्या त्याने बाबांचे पाय चेपायला घेतले आणि मग भडकलाच.

"दोन वर्षं, बाबा? दोन वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलायचं होतं?" बाबा म्हणाले. "फोनवर सांगायचं? का जेवताना टेबलावर, सूनबाई आणि नातीसमोर?"

"मला सांगायचं!"

"तू फोन करतोस तेव्हा स्पीकरवर असतोस."

नवरा पुन्हा त्यांचे पाय चेपू लागला. पिशवीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "निदान आता तरी बघा किती छान चाललंय." खरंच, नर्स दर तासाला येऊन पिशवी मोजून रिकामी करत होती आणि ती पुन्हा भरत होती. जितकी जास्त लघवी तितकी किडनी बरी, असं आम्हाला वाटत होतं. आम्ही खूश होतो.

चहा आला. बाबा म्हणाले, मला बसून प्यायचाय. नवऱ्याने त्यांना आधार देऊन बसवलं. पाय पलंगाखाली सोडले. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. कप पडला. डोळे वर गेले. ते नवऱ्याच्या अंगावर कलंडले.

मी ओरडले, एवढं आठवतं. काय ओरडले ते नाही आठवत. नर्सेस धावत आल्या, पलंग आडवा केला, पाय वर उचलले, आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या शर्टवर चहा सांडला होता. तो म्हणत होता, "मी बसवलं. मी बसवायला नको होतं." मला रडूही येत नव्हतं. पडद्याखालून नुसत्या बुटांची धावपळ दिसत होती. हृदय थांबलं, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. आता नणंदेला फोन कसा करायचा, कोणत्या शब्दांत सांगायचं, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "शुद्धीवर आलेत. हृदय ठीक आहे. ब्लडप्रेशर एकदम उतरलं होतं."

"पण का?"

"लघवी जास्त होतेय म्हणून."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. किडनी दिवसभरात जेवढं पाणी गाळते त्यातलं जवळजवळ सगळंच ती परत रक्तात घेते. मीठ, पाणी, साखर, शरीराला जे जे हवं ते. लघवी म्हणून बाहेर जातं ते त्यातलं अगदी थोडं. गाळणं सोपं, परत घेण्यातच सगळं कसब. दाबाखाली राहून राहून बाबांच्या किडन्यांमधल्या परत घेणाऱ्या बारीक नळ्या कमजोर झाल्या होत्या. आता वाट मोकळी झाल्यावर पाणी आणि मीठ नुसतं वाहून चाललं होतं. ज्या भरणाऱ्या पिशवीकडे बघून आम्ही आनंदत होतो, तिच्यातून बाबांच्या रक्तातलं पाणी निघून जात होतं.

"हे थांबेल?"

"बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत थांबतं. तोवर आम्ही सलाइनने भरून काढू. पण जाईल तेवढं सगळं नाही, थोडं कमीच. नाहीतर आपणच घातलेलं पाणी किडनी बाहेर टाकत बसेल आणि हे थांबणारच नाही."

ते दोन-तीन दिवस मी ऑफिसला गेले नाही. पलंगाजवळ बसून राहिले. नळीतून पाणी भराभर उतरलं तरी भीती वाटायची, आणि सावकाश उतरलं तरी वाटायची. कॅम्पहून परत आलेली मुलगी आजोबांना भेटायला आली. पिशवीकडे बघून ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, इट्स ओके, लाह. एव्हरीबडी पीज." बाबांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला.

एका दुपारी नवरा खाली गेला होता. बाबा म्हणाले, "तुला फार त्रास झाला. नको ते सगळं बोलावं लागलं."

"त्याचं काही नाही, बाबा. मी फक्त घाबरले होते."

"मीही. बोटीत तर वाटलं, संपलं." मग म्हणाले, "आणि आता त्या मामाचं तुझ्या मनात येत असेल."

मामाबद्दल मी लग्नानंतर कधीतरी एकदा बोलले असेन. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. तेव्हा मात्र मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

हळूहळू लघवीचं प्रमाण ताळ्यावर आलं. क्रिएटिनिन उतरत गेलं, आधी भराभर, मग सावकाश, आणि मग एका जागी थांबलं. पहिल्यासारखं झालं नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की किडनीचा काही भाग कायमचा गेलाय, उरलेल्यावर नीट चालेल, पण जपावं लागेल. डायलिसिस मात्र लागलं नाही.

नळी लावूनच बाबा घरी आले. पिशवी रिकामी करायचं काम नवऱ्याकडे होतं. एक दिवस तो कामात अडकला आणि पिशवी फुगत चालली. बाबांच्या खोलीतून हाक आली, "अगं, जरा येतेस का?" मी हातमोजे घातले, तोटी उघडली, बंद केली. बाबा पेपर वाचत होते, किंवा वाचत असल्याचं दाखवत होते. दुसऱ्या दिवशीपासून ज्याला वेळ असेल तो ते काम करू लागला.

महिन्याभराने प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नळी काढल्यावर बाबांना पाणी प्यायला सांगून बसवून ठेवलं. नवरा त्यांच्यासोबत बाथरूमच्या दारात उभा होता, मी कॉरिडॉरच्या टोकाशी. नवऱ्याने लांबूनच अंगठा वर केला. नंतर नर्सने पोटावर छोटं यंत्र फिरवून बघितलं. पिशवीत जवळजवळ काही उरलं नव्हतं.

बाबा आता पुण्यात आहेत. सर्दी झाली तर वाफ घेतात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवतात. मुलाला नाही, मला. तो मेसेज बहुतेक मी ऑफिसात असताना येतो. मी पँट्रीत जाऊन उभी राहते आणि लगेच उघडत नाही. गेल्या वेळीही तसंच झालं. बोट स्क्रीनवर ठेवून मी काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग उघडला. क्रिएटिनिनचा आकडा तोच होता, वाढला नव्हता. मी बाबांना फोन लावला. "बघितलास ना?" त्यांनी विचारलं. "बघितला, बाबा," मी म्हटलं, आणि मग ते पुण्यात यंदा किती उकडतंय ते सांगू लागले.